पूर्वरंग कुणी कापला? : दूरचित्रवाणीतून वर्गात आलेला शिक्षक

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



एका जुन्या मुलाखतीपासून सुरुवात करतो. कोणत्या विद्यापीठातली, कोणत्या साली, ते राहू द्या. संज्ञापन विभागात प्राध्यापक नेमायचा होता. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण कुलगुरूंचा प्रतिनिधी म्हणून निवड समितीवर बसलो होतो. एक बाई आल्या. वीस-बावीस वर्षं दूरचित्रवाणीत निर्मात्या म्हणून काम केलेलं. त्यातली बरीचशी वर्षं शैक्षणिक कार्यक्रमांत, मुलांसाठी गोष्टीतून विज्ञान वगैरे. समितीतल्या एका विद्वानांनी विचारलं, "तुमचे शोधनिबंध किती?" त्या म्हणाल्या, "दोन." पुढचा प्रश्न, "तुमच्या कामाची सैद्धांतिक चौकट कोणती?" बाई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, चौकट मला नीट सांगता येणार नाही. पण कार्यक्रमात मुलं कुठल्या मिनिटाला उठून पाणी प्यायला जातात, ते मी सांगू शकते."

समिती हसली. मीही हसलो. नेमणूक दुसऱ्या कुणाची तरी झाली आणि मी त्यावर सही केली. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी खोलीतलं सगळ्यात तत्त्वज्ञानाचं वाक्य बाईंनी उच्चारलं होतं आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला ते कळलं नव्हतं.

तर आजचा प्रश्न हा. दूरचित्रवाणीत कार्यक्रम करणं, गोष्टीतून शिकवणं, ही पार्श्वभूमी घेऊन जो माणूस संज्ञापनाचा शिक्षक होतो, त्याच्याजवळ नेमकं कोणतं ज्ञान असतं? आणि त्या ज्ञानात खोट कुठे असते? मला दोन्ही बाजू बोलायच्या आहेत. बाईंवर अन्याय झाला म्हणून निर्मात्यांची आरती करायला मी आलेलो नाही.

आधी जमेची बाजू. ॲरिस्टॉटलने ज्ञानाचे प्रकार पाडताना सिद्धान्ताचं ज्ञान वेगळं ठेवलं आणि वस्तू घडवण्याचं कौशल्य, ज्याला तो 'तेख्ने' म्हणतो, ते वेगळं ठेवलं. आपल्या विद्यापीठांनी यातून एक उतरंड केली. वर सिद्धान्त, खाली कारागिरी. संज्ञापन विभागात तर ही उतरंड डोळ्यांनी दिसते. एका खोलीत मॅक्लुहान शिकवणारे, ज्यांनी कॅमेरा कधी हातात धरला नाही. आणि तळमजल्यावर स्टुडिओत संकलन शिकवणारे, ज्यांना 'तांत्रिक सहायक' म्हणतात. पण कारागिराच्या ज्ञानाला एक गुण असतो. ते चुकलं की लगेच चुकलेलं दिसतं. माझं कांटवरचं व्याख्यान फसलं तर मुलं वहीत चित्रं काढतात आणि मी ठरवतो की विषय अवघड होता. निर्मात्याला ही सोय नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ ला सुरू झाला. त्यामागे जोन गँझ कूनी होत्या, त्या माहितीपटांच्या निर्मात्या. सोबत हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड लेसर आणि संशोधन सांभाळणारे एडवर्ड पामर. म्हणजे निर्माते, अभ्यासक आणि शिक्षणाचे जाणकार एका टेबलावर. पामर यांनी एक साधी युक्ती काढली. मुलाला दूरचित्रवाणीसमोर बसवायचं आणि बाजूला दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवायची. मुलाची नजर कार्यक्रमावरून कधी हटते आणि त्या चित्रांकडे कधी जाते, त्याची नोंद ठेवायची. बाईंचं ते 'पाणी प्यायला जाणं' इथे शास्त्र म्हणून उभं राहिलं.

आता बघा, यातून काय निघालं. तज्ज्ञांनी सल्ला दिला होता की बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र आणू नका, लहान मुलांचा गोंधळ होईल, त्यांना कल्पित आणि खरं यातला फरक कळणार नाही. त्याप्रमाणे रस्त्यावरच्या प्रसंगांत फक्त माणसं ठेवली. १९६९ च्या उन्हाळ्यात नमुन्याचे भाग मुलांना दाखवले, तेव्हा दिसलं की बाहुल्या आल्या की मुलं बघतात आणि रस्ता आला की नजर भरकटते. मग तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बाहुल्या रस्त्यावर आणल्या. 'बिग बर्ड' हा मोठा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर, ही पात्रं त्या निर्णयातून रस्त्यावर आली. सिद्धान्त मुलांच्या नजरेपुढे टिकला नाही आणि त्यांनी तो सोडला. मी चाळीस वर्षं शिकवलं, माझा एकही सिद्धान्त विद्यार्थ्याच्या जांभईमुळे मी सोडलेला नाही.

ही झाली जमा. आता खर्चाची बाजू.

न्यूयॉर्क विद्यापीठातले नील पोस्टमन यांनी १९८५ साली एक पुस्तक लिहिलं, 'अम्युझिंग अवरसेल्व्ज टू डेथ'. त्यात 'सेसमी स्ट्रीट'वर त्यांचा मोठा आक्षेप आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हा कार्यक्रम मुलांना शाळेची गोडी लावतो हा समज चुकीचा, तो दूरचित्रवाणीचीच गोडी लावतो. पुढे ते म्हणतात की दूरचित्रवाणीवरचं शिक्षण तीन नियम पाळतं. पहिला, कोणत्याही भागाला पूर्वतयारी लागता कामा नये. दुसरा, बघणाऱ्याला बुचकळ्यात पाडायचं नाही. तिसरा, विवेचन करायचं नाही, सगळं गोष्टीच्या रूपात आणायचं.

पोस्टमन यांच्यावर 'जुन्या वळणाचा माणूस' असा शिक्का मारून पुढे जायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. पण त्यांचे तीनही नियम एका मापाने मोजता येत नाहीत, असं मला वाटतं. एकेक घेऊ.

आधी एक गैरसमज दूर करतो. पोस्टमन यांच्यासकट पुष्कळांना वाटतं की मूल पडद्याकडे बघतं ते चकचकाटामुळे, आणि समजतं थोडंच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डॅनियल अँडरसन आणि एलिझाबेथ लॉर्च यांनी याची परीक्षा घेतली. १९७९ मधला त्यांचा प्रयोग असा : काही मुलांना नुसत्या खोलीत 'सेसमी स्ट्रीट' दाखवला, काहींना खेळण्यांनी भरलेल्या खोलीत. खेळणी असलेल्या मुलांचं बघणं जवळपास निम्म्यावर आलं, तरी दोन्ही गटांचं आकलन सारखंच निघालं. म्हणजे खेळता खेळता मूल कान देऊन होतं आणि समजण्यासारखं काही आलं की मान वर करत होतं. नंतरच्या प्रयोगांत संवाद उलटसुलट करून, अर्थ मोडून तेच दाखवलं, तर चकचकाट तेवढाच असूनही मुलांचं लक्ष कमी झालं. लक्ष आकलनाच्या मागून येतं, असं यातून दिसतं. हे पोस्टमन यांच्या विरुद्ध जातं, आणि थोडं निर्मात्यांच्याही विरुद्ध जातं. कारण मुलाची नजर पडद्यावर आहे म्हणजे शिक्षण चाललं आहे, हे निर्मात्याचं माप यात तुटतं.

आता दुसरा नियम, बुचकळ्यात न पाडण्याचा. इथे मी पूर्णपणे पोस्टमन यांच्या बाजूला आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला चौरसाचं कोडं घालतो. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढ. मुलगा बेधडक सांगतो, बाजू दुप्पट कर. चुकतं. पुन्हा सांगतो, पुन्हा चुकतं. मग तो म्हणतो, मला माहीत नाही. सॉक्रेटिसच्या दृष्टीने त्या क्षणी मुलाची प्रगती झालेली असते. आता हा प्रसंग कुशल निर्मात्याकडे द्या. तो काय करील? 'मला माहीत नाही' नंतरची शांतता कापील. संकलनाच्या टेबलावर ती 'रिकामी जागा' असते आणि रिकाम्या जागेत माणूस पाणी प्यायला उठतो. बाईंचं ज्ञान खरंच होतं. पण मूल कुठे उठतं हे कळल्यावर दोन मार्ग असतात. ती जागा कापून टाकायची, किंवा तिथे मुलाला बसवून ठेवण्यासारखं काहीतरी शोधायचं. निर्मात्याचा हात सवयीने पहिल्याकडे जातो. शिक्षकाचा हात दुसऱ्याकडे जायला हवा.

आणि तिसरा नियम, विवेचन नको, गोष्ट हवी. इथे आपल्याला आपल्या घरातलं काही आठवायला हवं. नारदीय कीर्तन तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. बुवा आधी पूर्वरंग करतात. एक अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं, शंका काढायच्या, दाखले द्यायचे. मग मध्यंतर. नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट. पूर्वरंगात मांडलेला सिद्धान्त आख्यानात माणसांच्या रूपाने उभा राहतो. लोक खरे आख्यानासाठी येतात, हे प्रत्येक बुवांना ठाऊक असतं. उशिरा येणारा श्रोता नेमका मध्यंतराला येतो! तरीही पूर्वरंग कुणी कापला नाही. प्लेटोचं 'रिपब्लिक' तरी वेगळं काय आहे? सगळा युक्तिवाद आधी, आणि अगदी शेवटी एर नावाच्या सैनिकाची गोष्ट. कवींवर बंधनं घालणारा प्लेटो स्वतः गोष्टीवर संपवतो, पण आधी विचाराचं काम उरकून.

म्हणून पोस्टमन यांना माझं उत्तर असं की गोष्ट हा शिक्षणाचा शत्रू नव्हे. तक्रार करायची तर ती पूर्वरंगाशिवायच्या आख्यानाबद्दल करा. अशा आख्यानाचं काय होतं, याचा मोठा प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे.

मेक्सिकोमध्ये मिगेल साबिदो नावाचे निर्माते होते. त्यांनी १९७५ पासून अशा मालिका केल्या की ज्यात प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय कौटुंबिक कथेत विणलेले होते. त्यांची पद्धत आखीव होती. काही पात्रं अनुकरणीय, काही त्याज्य, आणि काही मधली, जी चुकत चुकत चांगल्याकडे येतात. प्रेक्षकाने मधल्या पात्रात स्वतःला बघायचं. याच्या मुळाशी अल्बर्ट बांडुरा यांचा निरीक्षणातून शिकण्याचा सिद्धान्त होता. त्या साक्षरतेच्या मालिकेनंतर वर्गांत नाव घालायला हजारो माणसं आली. आपले तेव्हाचे माहिती आणि नभोवाणी खात्याचे सचिव एस. एस. गिल मेक्सिकोला जाऊन हे पाहून आले आणि ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झालं. लेखन मनोहर श्याम जोशींचं, १५६ भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगायचे. माझ्या वयाच्या माणसांना ते हातवारे अजून दिसत असतील.

सुरुवातीला कुटुंबनियोजनावर भर होता. लोकांना तो उपदेश वाटला, तेव्हा काही भागांनंतर तो पातळ करून कथेला मोकळं सोडलं. कथा गाजली. लाखो पत्रं आली. एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संज्ञापनाच्या अभ्यासकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला आणि त्यात एक गोष्ट पुढे आली. घरातली आई, भागवंती. सोसणारी, नवऱ्याचं ऐकून घेणारी, तोंडातून शब्द न काढणारी. कर्त्यांच्या योजनेत ती 'असं होऊ नका' याचं उदाहरण होती. पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं, आणि त्यात बायकाही होत्या. बडकी आपल्या पायांवर उभी राहणारी म्हणून आवडली खरी, पण भागवंतीचं सोसणं पाहून 'बाई असावी तर अशी' म्हणणारेही कमी नव्हते.

दोष कुणाला द्यायचा? प्रेक्षक अडाणी, असं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. भागवंती नीट लिहिली होती, जीव ओतून उभी केली होती, म्हणूनच ती कर्त्यांच्या हातातून निसटली. चांगल्या गोष्टीत माणसाचं दुःख दिसलं की आपण त्याच्या बाजूने उभे राहतो. तो योग्य वागतो की नाही, हा वेगळा प्रश्न, आणि तो गोष्टीच्या पोटात आपोआप येत नाही. तो कुणीतरी विचारावा लागतो. अशोक कुमार यांचा समारोप त्यासाठीच होता, पण अर्ध्या मिनिटाच्या समारोपाला पूर्वरंगाचं ओझं पेलवत नाही. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ घेणारा जसाच्या तसा घेईल असं नाही. तो स्वीकारील, घासाघीस करील किंवा उलटाही वाचील. पुढे हेच हॉल ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि दूरचित्रवाणीवरून शिकवू लागले.

आणखी एक बाब. त्याच मालिकेच्या प्रायोजकांच्या दोन मिनिटांच्या नूडल्स तेव्हा भारतात नव्या होत्या. त्या मात्र घराघरात पोचल्या. का? कारण नूडल्स विकत घ्यायला विचार बदलावा लागत नाही, पाणी उकळलं की झालं. वागणं बदलायचं असेल तर माणसाने स्वतःच्या घराशी भांडावं लागतं आणि त्या भांडणाची तयारी पडदा करून देत नाही.

मग दूरचित्रवाणीवर पूर्वरंग शक्यच नाही का? मला तसं वाटत नाही, आणि पुरावा लांबचा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्याकडे 'साइट' हा उपग्रह प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी. एकनाथ चिटणीस, यशपाल अशी माणसं त्यामागे होती. यशपाल तर वैश्विक किरणांचे अभ्यासक, पण मुलांच्या विज्ञान कार्यक्रमात बुडून गेलेले. प्रयोग एका वर्षात संपला. त्याच सुमाराला गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात पीज इथे एक लहान प्रक्षेपक होता आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राची मंडळी तिथे गुजरातीत कार्यक्रम करत होती. त्यांनी वेगळं काय केलं? सार्वजनिक संच गावात ठेवले, बरेचदा दूध सोसायटीजवळ. विषय ठरवायच्या आधी गावात जाऊन विचारलं. मालिका केल्या त्या गावच्या बोलीत, गावकऱ्यांना घेऊन, आणि त्यात हुंडा, अस्पृश्यता, मजुरी असे गावातच तंटे उभे करणारे विषय होते. बघून झाल्यावर लोक तिथेच बोलत, आणि त्या बोलण्याकडे मंडळींचं लक्ष असे. १९८४ मध्ये या कामाला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी पीजचं प्रक्षेपण बंद झालं.

पूर्वरंग इथे होता. तो पडद्यावर दिसत नव्हता, एवढंच. आधीच्या विचारपूशीत होता, नंतरच्या चर्चेत होता. गोष्ट मध्ये होती. पोस्टमन यांनी पडद्यावर जे आहे तेवढंच मोजलं. निर्माताही सहसा तेवढंच मोजतो. खेडावाल्यांनी पडद्याभोवतीचं अंगण मोजलं.

आपल्या पुण्यात 'बालचित्रवाणी' होती. १९८४ पासून तिथे मराठी मुलांसाठी कार्यक्रम झाले आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. ती बंद होताना संस्थेच्या खर्चाबद्दल बोलणं झालं. पण तिथल्या माणसांना तीस-बत्तीस वर्षांत मराठी मुलाबद्दल जे कळलं असेल, ते कोणत्या विभागाने लिहून घेतलं? उतरंडीची किंमत मी म्हणतो ती ही. कारागिराचं ज्ञान कुणी मागून घेतलं नाही, तर तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जातं.

आता समारोप. आज मला पुन्हा त्या समितीवर बसवलं, तर दूरचित्रवाणीतून आलेल्या उमेदवाराला मी तीन प्रश्न विचारीन. एक, तुम्ही कापून टाकलेल्या कोणत्या शांततेची तुम्हाला आज रुखरुख वाटते? दोन, तुमच्या गोष्टीचा उलटा अर्थ लोकांनी कधी घेतला, आणि तेव्हा तुम्ही लोकांना दोष दिला की गोष्ट पुन्हा तपासली? तीन, तुमच्या कामात पूर्वरंग कुठे होता? ज्याला या तिन्हींची उत्तरं देता येतील, त्याचे शोधनिबंध दोन असले तरी तो प्राध्यापक आहे. आणि ज्याचे निबंध पन्नास आहेत, त्यालाही हेच तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. मला विचारले असते तर पहिल्याच प्रश्नाला मी अडलो असतो.

त्या बाईंना आम्ही साधा पुढचा प्रश्नही विचारला नाही. मुलं कुठे उठतात ते तुम्हाला कळलं, मग तुम्ही काय केलंत? त्यांचं उत्तर काय असतं, मला माहीत नाही. कदाचित त्यांनीही ती जागा कापलीच असेल. कदाचित नसेल. विचारायचं काम आमचं होतं आणि आम्ही हसलो.

माझं बोलणं मी इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न येऊ देत. आणि कुणी दूरचित्रवाणीत काम केलेलं असेल, तर त्यांनी आधी बोलावं, अशी विनंती आहे.